खिडकीबाहेरचा घास

“आज पण फेकला,” बे बाई म्हणाल्या.

माझ्या कच्च्या कोरियनमुळे काही निसटू नये म्हणून त्यांनी हाताने करूनही दाखवलं. मूठ भरायची आणि खांद्यावरून मागे भिरकावायची. मग खाली वाकून त्यांनी ओवीचे बूट माझ्यापुढे सरळ करून ठेवले. ओवी त्यांच्या कडेवर होती. मला बघताच तिने दोन्ही हात पुढे केले आणि माझ्या मानेत तोंड खुपसलं. तिच्या केसांना पाळणाघराचा वास येत होता, साबणाचा आणि सोयाबीनच्या सूपचा.

“मग खाल्लं काय तिने?”

“दूध. अर्धं केळं.”

“भात?”

बे बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्या माझ्याच वयाच्या असतील. केस घट्ट बांधलेले, एप्रनवर बदकं. कधी घाईत नसायच्या आणि कमी बोलायच्या. परदेशात कमी बोलणाऱ्या माणसाची मला फार भीती वाटायची, कारण त्याच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधायला हाताशी काहीच नसतं.

आतून यून बाई आल्या. पाळणाघर त्यांचं होतं. एका उंच इमारतीच्या तळमजल्यावरचं साधं घर, त्यात दहाबारा मुलं.

“ओवीची आई,” त्या म्हणाल्या. इथे मला नावाने कुणीच हाक मारत नसे. विद्यापीठात मी ‘सॉनसेंगनिम’ होते, म्हणजे बाई, आणि इथे ओवीची आई. “शुक्रवारपर्यंत बघू या. तोवर ती जेवली नाही, तर पुढच्या आठवड्यापासून तुम्ही तिला जेवणाच्या आधी घरी न्या. लहान मूल दिवसभर उपाशी राहतं. मला रात्री झोप लागत नाही.”

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं.

मी बुसान शहरातल्या एका विद्यापीठात हिंदी शिकवत होते. पुण्यात एम.ए. केलं, तेव्हा आपण समुद्राकाठच्या एका कोरियन शहरात वीस वर्षांच्या मुलामुलींना ‘मैं बाज़ार जाता हूँ’ म्हणायला लावू, असं स्वप्नातही आलं नव्हतं. त्या मुलांना पुढे चेन्नईच्या नाहीतर पुण्याच्या कोरियन कारखान्यांत नोकऱ्या हव्या होत्या. मंदार, माझा नवरा, दोन तासांवरच्या एका बेटावर जहाजबांधणीच्या कारखान्यात होता आणि शनिवार-रविवार घरी यायचा. माझे वर्ग सकाळी नवाला सुरू होऊन चारला संपायचे. करार वर्षाचा. बाराला मुलीला घरी न्यायचं म्हणजे नोकरी सोडायची, हे यून बाईंना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगूनही उपयोग नव्हता.

घरी ओवी छान जेवायची. हेच मला कळत नव्हतं. आमचं घर नवव्या मजल्यावर. संध्याकाळी मी वरणभात कालवायचे, वर तूप, आणि आम्ही दोघी गॅलरीची काच सरकवून खाली फरशीवर बसायचो. वाटी कधी संपली ते कळायचं नाही. म्हणजे भूक होती, तब्येत बरी होती. मग दुपारीच काय व्हायचं?

मी सगळे उपाय केले. चमच्याने जेवायची सवय लावून पाहिली. पाळणाघरात तुपाची डबी दिली, तर दुसऱ्या दिवशी ती तशीच परत आली. मेतकूट पाठवलं. ते भातावर घातलं तर बाकीच्या मुलांनीच आवडीने चाटूनपुसून खाल्लं, असं बे बाईंनी मला हसत सांगितलं. ओवीने नाही.

त्या सोमवारी रात्री सासूबाईंचा फोन आला, कराडहून, संगणकाच्या पडद्यावर. नेहमीप्रमाणे आधी त्यांचं कपाळ दिसलं, मग छत, मग चेहरा.

“पोरगी वाळली की गं,” त्या म्हणाल्या.

“नाही आई, कॅमेऱ्यात तसं दिसतं.”

“कॅमेऱ्यात माणूस जाड दिसतं म्हणतात. ऋजुता, मी काय म्हणते, तिला माझ्याकडे ठेव. दिवाळीपर्यंत. मी काय परकी आहे का?”

“तसं नाही आई.”

“मंदारला पुढच्या आठवड्यात रजा आहे म्हणे. तो आणून सोडेल. तू तुझी नोकरी कर निवांत. मी तुला नोकरी सोड म्हणणारी सासू नाही, हे तुला माहितेय.”

ते खरंच होतं. माझी फी भरायला त्यांनी स्वतःचं कापडाचं दुकान दोन तास जास्त उघडं ठेवलं होतं. म्हणून तर नाही म्हणायला तोंड उघडेना. ओवी माझ्या मांडीवर बसून पडद्यावरच्या आजीच्या नाकाला बोट लावत होती. दिवाळीपर्यंत म्हणजे अर्धं वर्ष. दीड वर्षाच्या मुलीला अर्ध्या वर्षानंतर आई आठवते का, हे मी त्या रात्री इंटरनेटवर शोधलं. उत्तर वाचलं आणि संगणक बंद केला.

मंगळवारी मंदारशी बोलले.

“तू अजून सकाळी तिला सोडल्यावर त्या पाळणाघरासमोरच्या भिंतीआड उभी राहतेस?” त्याने विचारलं.

“रोज नाही.”

“रोजच राहत असशील. हे बघ, आईकडे ती खाईल, खेळेल, गुबगुबीत होईल. इथे तू खात नाहीस, ती खात नाही. मी तिकडे जेवणाच्या रांगेत उभा राहिलो की मला तुम्ही दोघी दिसता.”

“तू तिकीट काढलंस का?”

“नाही. शनिवारी बसून ठरवू. काढलेलं नाही, नुसतं बघून ठेवलंय.”

“मंदार, तिला सोडून मला झोप येणार नाही.”

 “मला तरी कुठे येणार आहे,” तो म्हणाला.

बुधवारीही तेच झालं. बे बाईंनी या वेळी खूण केली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. पण निरोप देताना म्हणाल्या, “उद्या थोडा वेळ काढाल? बोलायचंय. माझं बोलणं तुम्हाला पूर्ण कळायला हवं.”

म्हणजे आता ओवीला काढूनच टाकणार, असं मी धरून चालले. गुरुवारी दोन वर्गांच्या मधल्या वेळात मी माझी विद्यार्थिनी जी-हे हिला दुभाषी म्हणून सोबत नेलं. ती शेवटच्या वर्षाला होती. तिचं हिंदी पुस्तकातून थेट उतरलेलं आणि अतिशय सोज्ज्वळ. वाटेत मी तिला सांगितलं, काही कडक बोलल्या तरी गोड करून सांगू नकोस, आहे तसं सांग.

“अध्यापिका जी, आप चिंता न करें,” ती म्हणाली. “मैं शब्दशः अनुवाद करूँगी।”

मुलं झोपली होती. आम्ही तिघी छोट्या टेबलाभोवती जमिनीवर बसलो. बे बाईंनी बार्लीचा गार चहा पुढे ठेवला. त्या कोरियनमध्ये सावकाश बोलू लागल्या आणि जी-हे हात मांडीवर ठेवून, देवळात बसावं तशी, ऐकून सांगू लागली.

“वे कहती हैं, ‘मैं प्रतिदिन कहती थी कि ओवी भात फेंकती है। वह मेरी भूल थी।’”

मी बे बाईंकडे पाहिलं.

“‘वह क्रोध में नहीं फेंकती। केवल एक बार। केवल पहली मुट्ठी। सदैव खिड़की की ओर।’”

बे बाई उठल्या. ओवी बसते तिथे जाऊन बसल्या. समोर ताट आहे असं धरलं, मुठीत थोडा भात घेतल्यासारखं केलं आणि तो मागे, खिडकीकडे टाकला. भिरकावला नाही, टाकला. मग मान वळवून त्या बंद खिडकीकडे बघत राहिल्या. बघतच राहिल्या. मग हळूहळू त्यांचा चेहरा पडला, खालचा ओठ पुढे आला. तो हुबेहूब ओवीचा ओठ होता. मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले.

त्या परत येऊन बसल्या आणि त्यांनी एक प्रश्न विचारला.

जी-हेने तो नीट मनात जुळवून घेतला. “अध्यापिका जी, वे पूछ रही हैं, आपके घर में ओवी से पहले भोजन कौन ग्रहण करता है?”

“कुणीच नाही,” मी मराठीतच म्हणाले. “आम्ही दोघीच तर असतो.”

आणि मग माझ्या लक्षात आलं.

चिपळूणला माझे बाबा जेवायला बसण्याआधी मागच्या पडवीच्या कठड्यावर भाताचा एक गोळा ठेवून यायचे. कावळ्याचा. त्यात व्रत नव्हतं की नेम नव्हता. पावसात छत्री घेऊन जायचे, इतकंच. आम्ही बहिणी ताट पुढे घेऊन बसायचो आणि तो उचलला की जेवायचो. बुसानला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात घर फार गप्प वाटायला लागलं, तेव्हा मीही गॅलरीच्या बाहेरच्या कठड्यावर घास ठेवू लागले. तिथे कावळे क्वचितच. पण काळेपांढरे, लांब शेपटीचे, कावळ्याहून जरा लहान पक्षी भरपूर, कोरियन लोक त्यांना काची म्हणतात. त्यातला एक रोज यायचा. ओवीसाठी तो काऊ. आधी काऊचा घास ठेवायचा, काऊने नेला की मग ओवीचा, मग बाबाचा, मग कराडच्या आजीचा. तिने आयुष्यात याहून वेगळं जेवण पाहिलेलंच नव्हतं. आणि मला ते कुणाला सांगावं असं कधी वाटलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच मला माहीत नव्हतं. पाळणाघरात नाव घालताना यून बाईंनी मला कितीतरी विचारलं होतं. शेंगदाणे चालतात का, दूध पचतं का, झोपताना काय धरते. जेवणाआधी कुणाची वाट बघते का, असं कोण विचारणार?

मी हे सगळं हिंदीत सांगितलं. जी-हेने भुवया उंचावून ऐकलं. मग ती हळूच म्हणाली, “अध्यापिका जी, हमारे यहाँ कौआ अशुभ माना जाता है। क्या मैं ‘काची’ कह दूँ?”

“काचीच सांग. काचीच असतो तो.”

तिने सांगितलं. बे बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं हसतायत. त्या हसतही होत्या. मग त्या भरभर बोलू लागल्या, इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि जी-हे मागे पडत गेली.

“उनके दादा जी... खेत में... पहला चम्मच भूमि पर डालते थे। बच्चे हँसते थे। और वृक्ष पर... अध्यापिका जी, वह नारंगी रंग का फल, नाम भूल गई... सबसे ऊपर वाले फल नहीं तोड़ते थे। काची के लिए। वे कहती हैं, ‘शहर में आकर मैं भूल गई थी। आपकी बेटी ने...’” ती थांबली आणि चक्क साध्या हिंदीत म्हणाली, “याद दिला दिया।”

“मग खिडकी उघडून थोडा भात बाहेर ठेवता येईल का?” मी विचारलं.

बे बाईंचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा झाला. खिडकीत अन्न ठेवायला सक्त मनाई होती. कबुतरं येतात, घाण होते, वरच्या मजल्यांवरून तक्रारी येतात. गेल्या वर्षी त्यावरून यून बाईंना इमारतीच्या सभेत सगळ्यांसमोर माफी मागावी लागली होती. तेव्हा यून बाईंना हे विचारणंही बरं नव्हतं.

“उद्या शुक्रवार आहे,” मी म्हणाले.

“हो,” बे बाई म्हणाल्या.  निघताना दारात त्यांनी माझ्या बुटांची टोकं माझ्या सोयीने बाहेरच्या दिशेला वळवून ठेवली.

शुक्रवारी माझा पहिला वर्ग कसा झाला, मला सांगता येणार नाही. मुलं ‘मुझे भूख लगी है’ हे वाक्य एका सुरात घोकत होती. तास संपल्यावर पुढचा वर्ग दुपारचा होता. मधल्या वेळात मी नेहमी विद्यापीठाच्या खानावळीत जेवायचे. त्या दिवशी सरळ उतार धावत सुटले.

पाळणाघराच्या मागे कॅमेलियाची गर्द झुडपं होती, त्यांच्यात आणि भिंतीत जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा. मी रोज उभी राहायचे ती समोरच्या भिंतीआड. त्या दिवशी पहिल्यांदा खिडकीखाली गेले, गुडघे पोटाशी घेऊन बसले. वर खिडकी, तिची चौकट माझ्या डोक्यापासून हातभर उंच. कुणी बघितलं असतं तर विद्यापीठाच्या बाई चोरी करायला आल्यात असं वाटलं असतं.

आत ताटल्या मांडल्याचे आवाज आले. सूपचा वास आला. मुलांनी जेवणाआधीचं गाणं म्हटलं, त्यात ओवीचा आवाज नव्हता. मग खिडकीची काच करकरली आणि हातभर सरकली. वरून एक चमचा बाहेर आला. त्याने चौकटीवर थोडासा भात ठेवला आणि तो आत गेला.

“काऊ,” ओवी म्हणाली. “काऊ, ये.”

मी वर बघितलं. आकाश मोकळं होतं. दिव्याच्या खांबावर एक काची बसला होता. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि उडून दुसऱ्या इमारतीकडे गेला.

“खिडकी का उघडी?” आतून यून बाईंचा आवाज.

“जरा हवा येऊ दे,” बे बाई म्हणाल्या. एवढं कोरियन मला कळत होतं.

आम्ही थांबलो. आत ओवी, बाहेर मी. काची परत आला नाही, दुसराही कुणी आला नाही. घास ठेवून झाडांकडे बघत ताटकळणारी माणसं मी नदीच्या घाटावर पाहिली होती, माझ्या काकांच्या वेळी. तो विचार मनात आला आणि मी तो रागाने ढकलून दिला. माझी मुलगी जेवायला बसली होती. हा तो घास नव्हता.

“काऊ,” ओवी पुन्हा म्हणाली. या वेळी आवाज बारीक झाला होता. मला तो ओठ दिसत नव्हता, पण कसा पुढे आला असेल ते माहीत होतं. बे बाई तिला थोपटत होत्या. “थोडं थांब हं,” त्या म्हणत होत्या, “येईल. लांबून येतो ना.” यून बाईंची पावलं जवळ येत होती. आता त्या खिडकीपाशी येतील, भात पाहतील, काच लावून घेतील. उद्या शनिवार. मंदार तिकिटाचं पान उघडून माझ्या शेजारी बसेल.

मी हात वर केला. चाचपडत चौकटीवरचा भात बोटांनी गोळा केला आणि हात खाली घेतला.

आतून आवाज बंद झाला.

तो भात हातात धरून मी बसले. टाकून द्यायचा धीर होईना. काऊचा घास असा मातीत टाकायचा नसतो. मी तो तोंडात घातला. चिकट, कोमट, अळणी. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, हे तेव्हा मला कळलं.

“गेला,” ओवी म्हणाली. मग अगदी शांतपणे, आपल्या कामाला लागावं तशी, “आता ओवी.”

चमचा ताटलीला लागल्याचा आवाज आला. मग पुन्हा. चमचा तिच्याच हातात असावा, कारण प्रत्येक वेळी तो आधी ताटलीच्या कडेवर आपटत होता. मी आवाज न करता रडत होते आणि तो चिकट भात चावत होते. आनंद झाला होता, खूप झाला होता. पण त्यात मधोमध काहीतरी दुखतही होतं. माझ्या हाताशिवाय ती पहिल्यांदाच जेवत होती.

यून बाईंची पावलं ओवीपाशी थांबली.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या भाषेत जे म्हणतात ते. “ही तर खातेय की. सूपही प्यायली. कधीपासून?”

“आताच,” बे बाई म्हणाल्या.

“मग सोमवारी तिला दिवसभर राहू दे. आणि तिच्या आईला फोन करा, काळजीत असेल बिचारी.”

“कळलं असेल त्यांना,” बे बाई म्हणाल्या.

मी चावायची थांबले.

यून बाईंची पावलं स्वयंपाकघराकडे गेली. काच पुन्हा करकरली, या वेळी आणखी थोडी सरकली. मी आधी डोकं गुडघ्यात घातलं, मग चवड्यांवर उठून हळूच वर पाहिलं. चमचा बाहेर आला आणि त्याने सावकाश, सांडू न देता, चौकटीच्या माझ्या बाजूच्या टोकाला दुसरा घास ठेवला. हा घास मोठा होता. भातावर मिठाचे दोन दाणे चमकत होते आणि शेजारी अंड्याच्या गुंडाळीचा जाडसर तुकडा होता, गरम, वाफ येत असलेला.

कावळ्यासाठी अंडं कुणी ठेवत नाही.

मी डोळे पुसले आणि हात वर केला.